उड्डाणगुरूच्या अधिकाराची मर्यादा

चंदीगडहून सिमल्याकडे जाणारा जुना रस्ता कालका गाठण्यापूर्वी पिंजौर नावाच्या गावातून जातो. बहुतेक प्रवाशांना हे गाव ठाऊक असते ते तेथील मोगल उद्यानामुळे. औरंगजेबाच्या अमदानीत फिदाई खान या सरदाराने रचलेले हे उद्यान टप्प्याटप्प्याने खाली उतरत जाते. परंतु पिंजौरची आणखी एक ओळख आहे. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी तेथे एक लहानशी धावपट्टी आहे, आणि हरियाणा राज्याच्या नागरी विमानविद्येच्या संस्थेमार्फत वैमानिक घडविण्याचे काम तेथे चालत आले आहे. उद्यान पाहून परतणाऱ्या प्रवाशाने मान वर केली, तर एखादे दोन आसनांचे विमान टेकड्यांच्या कडेने वळण घेताना त्याला दिसू शकते.

श्रोतेहो, आजच्या विषयासाठी आपण या धावपट्टीवर एक काल्पनिक देखावा उभा करू. पट्टीच्या कडेला तीन वाहने उभी आहेत असे समजा. पहिले सेस्ना १५२ जातीचे साधे शिकाऊ विमान. दुसरे ऑस्ट्रियात घडलेले ‘सुपर डिमोना’ हे मोटरग्लायडर, म्हणजे लांब पंखांचे, तरंगण्यासाठी रचलेले, पण स्वतःच्या यंत्राने वर चढू शकणारे यान. तिसरे आहे मायक्रोलाइट. वर कापडाचा त्रिकोणी पंख, खाली टांगलेली तीन चाकांची बैठक आणि पाठीमागे यंत्र. तिन्हींत आसने दोनच, एक गुरूचे व एक शिष्याचे. आता वीस वर्षे पहिल्या विमानावर शिकविलेला एक अनुभवी शिक्षक पुढे येतो आणि म्हणतो, “आज मी या मुलाला तिसऱ्या यानावर शिकवितो.” त्याला तसे करू द्यावे काय?

सामान्य बुद्धी म्हणेल, का नको? ज्याने शेकडो मुलांना मोठ्या विमानावर उडावयास शिकविले, त्याला हे कापडी खेळणे ते काय अवघड! नियम मात्र म्हणतो की, त्या यानाच्या वर्गाची नोंद तुमच्या परवान्यावर आणि तुमच्या शिक्षकपदाच्या अधिकारावर असेल तरच शिकवा. नाही तर तुम्हीही तेथे विद्यार्थीच आहात. हा नियम कागदी अडवणूक आहे की त्यामागे काही विचार आहे, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम नावांची फोड करू. मराठीत आपण उडणाऱ्या बहुतेक वाहनांना ‘विमान’ म्हणून मोकळे होतो. कायद्याला ते चालत नाही. हवेच्या आधाराने वातावरणात तरणारे जे जे यंत्र, ते ते वायुयान. आणि विमान ही त्या मोठ्या कुळातील केवळ एक शाखा. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्मास आली. त्या कराराच्या सातव्या परिशिष्टात, जे १९४९ साली स्वीकारले गेले, या कुळाची वंशावळ एका कोष्टकात मांडलेली आहे. मौज अशी की, हे परिशिष्ट उड्डाणाच्या शिक्षणासाठी लिहिलेले नाही. कोणत्या यानावर राष्ट्रीयत्वाची व नोंदणीची अक्षरे कोठे रंगवावीत, हे ठरविण्यासाठी ते आहे. भारतीय यानांवर दिसणारी ‘व्हीटी’ ही अक्षरे त्याच व्यवस्थेतील. फुग्यावर अक्षरे लिहिण्याची जागा वेगळी, पंखांवर वेगळी. म्हणून आधी फुगा कोणता आणि पंखवाले यान कोणते, हे सांगणे भाग पडले.

हे कोष्टक दोन प्रश्नांवर उभे आहे. यान हवेपेक्षा हलके की जड? आणि त्याला पुढे नेणारे यंत्र आहे की नाही? हवेपेक्षा हलके व यंत्राविना, तो फुगा. यंत्रासह असेल तर हवाई जहाज. हवेपेक्षा जड व यंत्राविना, तो ग्लायडर किंवा पतंग. हवेपेक्षा जड व यंत्रासह असेल, तर पंख स्थिर असलेले ते विमान आणि फिरत्या पात्यांचे ते हेलिकॉप्टर किंवा जायरोप्लेन. पक्ष्याप्रमाणे पंख फडफडविणाऱ्या यानालाही त्या कोष्टकात एक घर राखून ठेवले आहे. त्या घरात राहावयास फारसे कोणी आलेले नाही. पण कायद्याने खोली बांधून ठेवली आहे!

शिक्षणाच्या दृष्टीने मात्र एवढी वंशावळ पुरत नाही. म्हणून वैमानिकांच्या परवान्यांसंबंधीच्या नियमांनी तीन पायऱ्या मानल्या. आपण त्यांना गट, वर्ग आणि नमुना म्हणू. विमान, हेलिकॉप्टर, ग्लायडर, फुगा हे झाले गट. विमानांच्या गटात पुन्हा एक यंत्राचे की अनेक यंत्रांचे, जमिनीवरून उडणारे की पाण्यावरून, हे वर्ग. आणि जेथे एखाद्या विशिष्ट यानाचा स्वभाव इतका वेगळा असतो की त्याचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते, तेथे नमुना. मोठ्या प्रवासी विमानांना हा नियम सर्वत्र लागू आहे.

संगीताचे उदाहरण घ्या. गवई आणि सतारिये दोघेही रागाचे जाणकार. यमन दोघांचा एकच. तरीही उत्तम गवयाने सतारीची मिजराब शिष्याच्या बोटात चढवून “असा वाजव” म्हणून सांगावे, असे आपण म्हणत नाही. ज्ञान एक असले तरी हाताची वळणे निराळी असतात, आणि शिष्य शिकतो ती हाताची वळणेच. कोकणच्या किनाऱ्यावरील तांडेलांना विचारा. शिडाची होडी आणि यंत्राची होडी एकाच समुद्रात चालतात. पण शिडाच्या होडीवर वाढलेला माणूस वारा पाहून हालचाल करतो, आणि यंत्रावर वाढलेला माणूस यंत्राच्या भरवशावर. वारा पडला किंवा यंत्र बंद पडले, म्हणजे दोघांतला फरक दिसतो.

आकाशातही फरक दिसतो तो असाच, बिकट क्षणी. आपली तीन याने आता एकेक करून तपासू.

सेस्ना १५२ चे भारासह कमाल वजन सुमारे ७५७ किलो आहे. सुपर डिमोनाचे सुमारे ७७०. दोन्हींत आसने दोन, दोन्हींना पुढे एकच यंत्र. तराजूने विचारले तर ही जुळी भावंडे होत. पण सेस्नाच्या पंखांची एकूण लांबी सुमारे १० मीटर आणि डिमोनाची १६ मीटरांहून अधिक. यंत्र बंद पडले असता सेस्ना एक मीटर उंची गमावून सुमारे नऊ मीटर पुढे जाते, तर डिमोना सुमारे सत्तावीस मीटर. म्हणजे वारा शांत असता ३०० मीटर उंचीवरून पहिले जेमतेम पावणेतीन किलोमीटर जाईल आणि दुसरे आठ.

या दोन आकड्यांत दोन निरनिराळे अपघात दडलेले आहेत. सेस्नावर हात बसलेला माणूस डिमोना उतरवू लागला, तर त्याच्या डोळ्यांना सवय असते ती यंत्र मंद करताच खाली येणाऱ्या यानाची. डिमोना खाली येत नाही. पट्टीच्या टोकावर ते १५ मीटर उंच असेल, तर पंखांवरील हवाई ब्रेक न उघडता ते पुढची ४०० मीटर जमीन न टेकताच ओलांडील. उलट, ग्लायडरवर वाढलेला माणूस सेस्नात बसला आणि उड्डाणानंतर लगेच यंत्र थांबले, तर त्याचे मन म्हणते, “वळू आणि पट्टीवर परत जाऊ.” ग्लायडरमध्ये त्याने तसे केलेले असते. सेस्नात तेवढी उंची नसते. वळण अर्ध्यावर असताना वेग घटतो, पंखांवरची हवेची पकड सुटते आणि यान जमिनीवर आदळते. पट्टीकडे परतण्याचा हा मोह जगभर अनेक वैमानिकांच्या जिवावर बेतला आहे. म्हणून शिकाऊ विमानाचा शिक्षक पहिल्या दिवसापासून बजावतो की, कमी उंचीवर यंत्र थांबले तर समोर जी जमीन दिसेल तीवर उतरा, मागे पाहू नका. हा धडा ज्याच्या हाडीमासी खिळलेला नाही, त्याने तो दुसऱ्याला कसा द्यावा?

तिसऱ्या यानाची तऱ्हा आणखी विलक्षण. विमानात नियंत्रणदांडा पुढे ढकलला की नाक खाली जाते आणि वेग वाढतो. टांगत्या बैठकीच्या मायक्रोलाइटमध्ये वैमानिकाच्या हाती पंखाला जोडलेली एक आडवी दांडी असते. ती पुढे ढकलली की नाक वर जाते आणि वेग घटतो. वेग हवा असेल तर दांडी स्वतःकडे ओढावी लागते. जमिनीवर चालतानाही तेच. विमानात उजवा पाय दाबला की नाक उजवीकडे वळते. येथे पुढचे चाक सायकलच्या मुठींप्रमाणे पायांनी फिरविले जाते, म्हणून उजवा पाय दाबला की यान डावीकडे जाते. आता आपल्या वीस वर्षांच्या अनुभवी शिक्षकाचा विचार करा. शांत हवेत तो विचार करून योग्य तेच करील. परंतु शिष्याची चूक होऊन यान जमिनीपासून चार मीटरांवर डळमळू लागले, तर विचारास वेळ नसतो. हात आपल्या जुन्या वळणाने धावतो. वीस वर्षांची सवय त्या क्षणी त्याच्या विरुद्ध उभी राहते. त्याचा अनुभव जितका मोठा, तितका धोका मोठा, असा हा विचित्र हिशेब आहे.

यावरून वर्गीकरणाचे मर्म ध्यानी येते. ही केवळ नावांची यादी नाही. वैमानिकाच्या हातांच्या सवयी जेथे बदलाव्या लागतात, तेथे ओढलेली ही रेघ आहे.

अर्थात रेघ ओढणे सोपे नाही. हलक्या विमानांच्या बाबतीत ती बहुधा वजनावरून ओढली गेली. दोन आसनांच्या मायक्रोलाइटसाठी युरोपात आणि आपल्याकडेही ४५० किलोची मर्यादा बराच काळ परिचित आहे. अमेरिकेने २००४ साली ‘क्रीडाविमान’ असा एक हलका वर्ग निर्माण केला आणि भूमीवरून उडणाऱ्या अशा विमानांसाठी ६०० किलोची मर्यादा घातली. युरोपीय नियमांतील ‘अतिहलक्या विमाना’ची मर्यादा ७५० किलो, बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘हंसा-३’ या शिकाऊ विमानाला २००० साली याच निकषांवर प्रमाणपत्र मिळाले.

वजनाची रेघ किती नाजूक असते, याचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. हिंदुस्तान एअरक्राफ्टचे ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे विमान १९५८ साली प्रथम उडाले. त्या कारखान्याच्या आराखड्यांचे काम त्या वेळी पाहत होते ते डॉ. विष्णु माधव घाटगे. गडहिंग्लज भागातून आलेल्या आणि जर्मनीत गॉटिंगन येथे लुडविग प्रांट्ल यांच्याजवळ शिकलेल्या या मराठी शास्त्रज्ञाने त्यापूर्वी १९५१ साली ‘एच.टी.-२’ हे भारतीय बनावटीचे शिकाऊ विमान आकाशात आणले होते. पुढे अनेक वर्षे देशभरच्या उड्डाणसंस्थांतील मुलांनी आपले पहिले धडे पुष्पकवर गिरविले. या पुष्पकाचे भारासह वजन सुमारे ६१२ किलो. म्हणजे अमेरिकेच्या २००४ सालच्या मोजपट्टीने हे साधे, संथ, गरीब स्वभावाचे विमान अवघ्या बारा किलोंसाठी हलक्या वर्गाबाहेर पडले असते. आणि त्याच घाटाचे, थोडे हलके असे एखादे जुने अमेरिकन विमान आत बसले असते. बारा किलो म्हणजे एका लहान प्रवाशाची पेटी! तेवढ्याने विमानाचा स्वभाव पालटत नाही.

म्हणूनच २०२५ साली अमेरिकेने नवा नियम जाहीर करून या वर्गासाठी वजनाची अट मागे सारली आणि तिच्या जागी विमान किती कमी वेगाने सुरक्षितपणे उडू शकते, ही कसोटी धरली. हे सयुक्तिक आहे. उतरताना वेग दुप्पट झाला तर आघाताची शक्ती चौपट होते. वजन दुप्पट झाले तर ती दुप्पटच होते. वैमानिकाला वजनापेक्षा वेगाचा धाक अधिक असावा, हे त्या सूत्रातच लिहिलेले आहे. नियम काही आकाशातून पडलेले नसतात. अनुभवाने रेघ चुकीची ठरली तर ती पुसून दुसरीकडे ओढता येते. मात्र ती पुसण्याचा अधिकार धावपट्टीवर उभ्या असलेल्या एकट्या माणसाला नसतो.

मोटरग्लायडरने तर नियमकर्त्यांना अधिकच पेचात टाकले. आंतरराष्ट्रीय व्याख्येत ग्लायडर म्हणजे यंत्राविना उडणारे यान आणि विमान म्हणजे यंत्राने उडणारे. मग यंत्राने चढणारे आणि यंत्र थांबवून तरंगणारे हे यान कोणाचे? अमेरिकेने त्याला ग्लायडरच्या गटात ठेवले. केवळ स्वतःच्या बळावर उड्डाण घेण्याचे प्रशिक्षण झाल्याची शिक्षकाची नोंद तेवढी मागितली. युरोपने त्याच्यासाठी ‘प्रवासी मोटरग्लायडर’ असा वर्ग मानला आणि त्याला दोन दारे ठेवली. ग्लायडरचा वैमानिक एका दाराने यावा, विमानाचा दुसऱ्या दाराने. पण दोघांनीही उंबऱ्यावर वेगळे शिक्षण घ्यावे. एकच यान, दोन खंडांत दोन नावे. तथापि आतल्या गोष्टीवर दोन्हीकडे एकमत आहे. ज्याला जे येत नाही, ते त्याने आधी शिकले पाहिजे.

आता शिक्षकाकडे वळू. जे यान मी स्वतः चालवू शकतो, ते मी शिकवूही शकतो, असे पुष्कळांना वाटते. उड्डाणविद्येत हे खरे नाही. वैमानिकाने चूक टाळावयाची असते. शिक्षकाने ती होऊ द्यावयाची असते. शिष्याचा हात चुकत आहे हे दिसत असताना गुरू स्वस्थ बसतो, कारण चूक स्वतः ओळखल्याखेरीज ती सुधारत नाही. किती वेळ स्वस्थ बसावे आणि कोणत्या क्षणी “माझ्याकडे द्या” म्हणून सूत्रे हाती घ्यावीत, हे ठरविणे हीच शिक्षकाची खरी विद्या. ही सीमा प्रत्येक यानात निराळी असते. हलके यान वेग चटकन गमावते. तेथे क्षणभरही थांबता येत नाही. दोन यंत्रांच्या विमानात एक यंत्र बंद पडले की चालू यंत्र नाकाला एका बाजूस ओढते, आणि ठराविक वेगाखाली सुकाणूची सर्व शक्ती वापरूनही विमान सरळ राहत नाही. तो वेग येण्यापूर्वीच गुरूचा हात हलला पाहिजे.

त्यातच सेस्नासारख्या विमानात गुरू बहुधा उजव्या आसनावर बसतो. जी कामे त्याने विद्यार्थीदशेत उजव्या हाताने शिकलेली असतात ती आता डाव्या हाताने, आणि डाव्या हाताची उजव्याने करावयाची. म्हणूनच शिक्षकपदासाठी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. आपल्या देशात १९३७ सालच्या विमान नियमांच्या चौकटीत सहायक शिक्षक आणि पूर्ण अधिकाराचा शिक्षक अशा दोन पायऱ्या घालण्यात आल्या. सहायकाने वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवावयाचे असते. युरोपात नव्या शिक्षकाला विद्यार्थ्याच्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणास संमती देता येत नाही. तेथे ज्या वर्गावर किंवा नमुन्यावर शिकवावयाचे, त्यावर शिक्षकाने स्वतः किमान १५ तास उड्डाण केलेले असावे लागते. अमेरिकेत दोन यंत्रांच्या विमानावर किंवा हेलिकॉप्टरवर शिकविण्यासाठी त्याच घडणीच्या यानावर किमान ५ तास प्रमुख वैमानिक म्हणून झालेले असावे लागतात. तासांचे आकडे देशोदेशी वेगळे असतील, हेतू एकच.

यानाच्या रचनेवर शिक्षण किती अवलंबून असते, हे ग्लायडरच्या इतिहासात स्पष्ट दिसते. जर्मनीत एके काळी नवशिक्यांना एका आसनाच्या उघड्या ग्लायडरमध्ये एकट्यानेच बसवीत. गुरू जमिनीवर उभा राहून सूचना देई. शिष्य प्रथम घसरे, मग हातभर उडे, मग टेकडीवरून झेप घेई. चुका सुधारण्यास गुरूचा हात तेथे पोहोचतच नसे. दोन आसनांचे ग्लायडर आले आणि गुरू शिष्याबरोबर आकाशात गेला. आपल्या नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्रातही असे काम झाले. एस. रामामृतम् यांच्या आराखड्यावरून घडलेले ‘रोहिणी’ हे दोन आसनांचे शिकाऊ ग्लायडर १९६१ साली उडाले. १९६३ साली ‘कार्तिक’ आणि १९७० साली ‘मृगशीर’ ही ग्लायडरे आली. १९६७ साली त्याच केंद्राचे ‘रेवती’ हे यंत्राचे हलके विमान आले. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांची रसिकता वाखाणण्यासारखी आहे. आपल्या पंचांगातील नावे त्यांनी धावपट्टीवर उतरविली. पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात विंचच्या दोराने वर खेचलेली ग्लायडरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ठाऊक असेल की दोर सुटल्यावर तेथे केवढी शांतता पसरते. त्या शांततेत गुरूचा शब्द ऐकू येतो, पण यंत्र मदतीस येत नाही. उतरण्याचा प्रयत्न एकदाच; दुसरी संधी नाही. विमानाच्या शिक्षकाला “यंत्र वाढवा, पुन्हा फेरी घेऊ” असे म्हणता येते. ग्लायडरच्या शिक्षकाच्या कोशात ते वाक्यच नाही.

आणखी एका गोष्टीचा उलगडा करावयास हवा. वर्गीकरण दोन प्रकारचे असते आणि दोहोंची गल्लत होते. एक माणसाच्या परवान्यावरचे. ते सांगते, या हातांना कोणते यान चालविता येते. दुसरे यानाच्या उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्रावरचे. ते सांगते, हे यान कोणत्या कामासाठी योग्य ठरविले आहे. एखादे यान सर्वसाधारण वापराचे, एखादे कसरतीचे, एखादे प्रायोगिक किंवा मर्यादित. शिक्षकाचा परवाना निर्दोष असूनही यानाचे प्रमाणपत्र त्या कामाला पुरेसे नसेल, तर शिकविणे नियमाबाहेर जाते.

ही गल्लत किती दूर जाते, याचा प्रत्यय अमेरिकेत आला. दुसऱ्या महायुद्धातील एका लढाऊ विमानावर मोबदला घेऊन शिक्षण देणाऱ्या फ्लोरिडातील एका संस्थेचे प्रकरण न्यायालयात गेले. ते विमान ‘मर्यादित’ गटातले होते. २०२१ साली न्यायालयाने सरकारी खात्याच्या बाजूने निर्णय दिला. मोबदला घेऊन शिष्याला बरोबर नेणे हेही माणसे वाहून नेणेच होय, असा त्याचा रोख होता. त्या अर्थाचा विस्तार झाला तेव्हा स्वतःच्या हाताने बांधलेल्या प्रायोगिक विमानात शिक्षकाला बसवून शिकू पाहणाऱ्या मालकांनाही वेगळी परवानगी काढण्याची पाळी आली. सुरक्षिततेसाठी शिक्षण घ्यावे, तर नियमच आड येतो, अशी ही उफराटी स्थिती २०२२ च्या डिसेंबरात कायदा करून दूर करावी लागली. तेथेच दुसरी एक अडचण अशी होती की, केवळ क्रीडाविमानापुरता अधिकार असलेल्या शिक्षकाजवळ घेतलेले शिक्षण पुढच्या खासगी परवान्यासाठी धरले जात नसे. मुलाने पैसे दिले, घाम गाळला, उड्डाणे केली. पण वरच्या पायरीवर ते तास शून्य! २०१८ साली तो नियम बदलला.

बारामती, धुळे, गोंदिया येथे अथवा पिंजौरसारख्या दूरच्या ठिकाणी आपल्या मुलामुलींना पाठविणाऱ्या मराठी पालकांनी या गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. उड्डाणाचा प्रत्येक तास महाग असतो. कित्येक घरांत त्यासाठी जमीन किंवा दागिने गहाण पडतात. पैसे भरण्यापूर्वी तीन साधे प्रश्न विचारावेत. ज्या यानावर शिकविणार ते कोणत्या गटातले आणि त्याचे प्रमाणपत्र शिक्षणाच्या कामाला पुरेसे आहे काय? जो शिकविणार त्याच्या परवान्यावर त्या यानाची आणि शिक्षकपदाच्या अधिकाराची नोंद आहे काय, आणि तिची मुदत चालू आहे काय? येथे घेतलेले तास ज्या परवान्यासाठी मुलगा धडपडतो आहे, त्यासाठी धरले जातील काय? या प्रश्नांनी कोणत्याही चांगल्या शिक्षकाचा अपमान होत नाही. चांगला शिक्षक आपली उड्डाणनोंदवही स्वतःहून पुढे करतो.

कोणी म्हणेल, एवढ्या बंधनांनी एखादा खरोखरच समर्थ गुरू अडून राहतो. ते खरे आहे. पुष्पकाच्या बारा किलोंप्रमाणे काही माणसेही केवळ रेघेच्या पलीकडे उभी असल्यामुळे बाहेर राहतात. पण नियम करताना गुरूच्या सामर्थ्यापेक्षा शिष्याच्या असहायतेचा विचार आधी करावा लागतो. बाजारात भाजी घेणारा माणूस भाजी पारखू शकतो. उड्डाण शिकावयास आलेला अठरा वर्षांचा मुलगा आपल्या गुरूला पारखू शकत नाही. गुरूला काय येत नाही, हे ओळखण्यासाठी जे ज्ञान लागते, तेच तर त्याला अजून मिळावयाचे असते. तो विश्वासाने शेजारच्या आसनावर बसतो आणि पट्टा आवळतो. त्या विश्वासाला कागदावरची एक नोंद हा एकमेव आधार असतो.

आणि जो गुरू नव्या वर्गाच्या यानापाशी येऊन, आपली वीस वर्षे बाजूला ठेवून, एखाद्या तरुण शिक्षकाला “मला हे शिकवा” असे म्हणतो, त्याची योग्यता त्यामुळे कमी होत नाही. असा गुरू पुढे त्या यानावर शिकवू लागला, म्हणजे शिष्याच्या हाताला नेमकी कोठे चूक होईल हे त्याला इतरांहून आधी कळते. कारण ती चूक त्याच्या स्वतःच्या हातांनी नुकतीच टाळलेली असते.